रुगर १०/२२ टेकडाउन : घरातली पहिली रायफल म्हणून कशी आहे?

अमेरिकेत वादळ, हिमवादळ, वणवा यांसाठी घरात तयारी ठेवणाऱ्यांना ‘मुख्य रायफल कोणती घेऊ?’ असं विचारलं, की बहुतेक जण एआर-१५ या लष्करी धाटणीच्या रायफलीचं नाव घेतात. उरलेले .३०८ या मोठ्या काडतुसाच्या रायफलींवरून आपसात भांडतात. रुगर कंपनीच्या १०/२२ या छोट्या .२२ काडतुसाच्या रायफलीची आठवण शेवटी होते, तीही ‘पोरांना शिकवायला बरी’ एवढ्यापुरतीच. आमचं मत वेगळं आहे. ज्या घरात आजवर बंदूक नव्हती आणि कुणी कधी चाप ओढलेला नाही, त्या घराने पहिली रायफल १०/२२ घ्यावी, आणि तीही टेकडाउन, म्हणजे दोन भागांत सुटी होणारी. अस्वल किंवा हरणासाठी बंदूक हवी असेल तर मात्र ही रायफल कामाची नाही. .२२ चा तेवढा जोर नाही आणि बहुतेक राज्यांत .२२ सारख्या रिमफायर (बुडाच्या कडेवर पिन आदळून फुटणाऱ्या) काडतुसाने हरणाची शिकार करायला कायद्यानेही मनाई आहे.

आधी खर्चाचा क्रम लक्षात घ्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात कित्येक घरांची वीज दिवसेंदिवस गेली, नळ गोठले. तेव्हा लोकांना पिण्याचं पाणी, ऊब आणि औषधं लागली. ही सोय झाल्यावर पैसे उरले तर रायफलीकडे वळावं.

साधी १०/२२ बाजारात आली १९६४ मध्ये आणि तिची टेकडाउन आवृत्ती २०१२ मध्ये. यंत्रणा दोघींची एकच: .२२ लाँग रायफल काडतूस, अर्धस्वयंचलित (दर वेळी चाप ओढला की एक गोळी, पुढची आपोआप भरते), दहा गोळ्यांचं फिरतं मॅगझीन. टेकडाउनची नळी पुढच्या दस्त्यासकट सुटी होते. मूळ मॉडेलची नळी साडेअठरा इंची, स्टेनलेस पोलादाची. वजन सव्वादोन किलोच्याही आत. दोन्ही भाग सोबत मिळणाऱ्या पिशवीत बसतात आणि ती पिशवी पाठीवर नेता येते. किंमत साध्या १०/२२ पेक्षा शंभर-दीडशे डॉलरने जास्त पडते. हे जास्तीचे पैसे सार्थकी लागतात का, ते जोडणी आणि साफसफाई पाहिल्यावर कळतं.

सोडवायची रीत अशी: मॅगझीन काढा, बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा सरकता भाग) मागे ओढून अडकवा, चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) डोळ्यांनी पाहा आणि करंगळी घालूनही तपासा. मग पुढच्या दस्त्याच्या खालची खाचेतली खिट्टी सरकवा, नळी थोडी पिळा आणि ओढून काढा. जोडताना हेच उलट्या क्रमाने, खिट्टीचा ‘टक्’ आवाज येईपर्यंत. सांध्याजवळ खरबरीत कडेची एक रिंग आहे. नवी रायफल आणल्यावर ती हाताने घट्ट बसवायची असते. पुष्कळ जण पुस्तिका न वाचता तशीच वापरतात, सांधा सैल राहतो, गोळ्या इकडेतिकडे जातात, आणि मग ‘टेकडाउन नेमाला वाईट’ असा गवगवा होतो. जोडलेली रायफल सांध्याशी धरून हलवा. कटकट जाणवली तर रिंग आणखी आवळा.

नेमाबाबत एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत. नेम धरायची मूळची पुढची माशी आणि मागची दुमडणारी खाच, दोन्ही नळीवरच असतात. त्यामुळे नळी कितीदा काढली-घातली तरी त्यांचा नेम हलत नाही. दुर्बीण किंवा रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम दाखवणारी काच) मात्र मागच्या भागावर, रिसीव्हरवर बसते, आणि दर जोडणीला नळी तिच्याशी तंतोतंत त्याच कोनात येईलच असं नाही. फरक किती पडतो ते एकदा मोजूनच घ्यावं. पन्नास यार्डांवर वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून पाच गोळ्या झाडा, नळी काढून पुन्हा जोडा, आणखी पाच झाडा. असं पाच वेळा, प्रत्येक वेळी नव्या कागदावर. पुंजक्यांचे मध्य दीड-दोन इंचांत राहिले तर रेड डॉट खुशाल बसवा. त्याहून जास्त भटकले तर रिंग तपासा, नाहीतर नळीवरच्या माशीवर भागवा. रेड डॉटची पट्टी खोक्यातच मिळते. तिचे स्क्रू थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) न लावता बसवले तर थोड्या दिवसांत सैल होतात.

मॅगझीन हा या रायफलीचा सर्वांत गुणी भाग. .२२ च्या काडतुसाला बुडाशी कड असते. सरळ मॅगझीनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे अडकली, की गोळी पुढे सरकत नाही. १०/२२ च्या मॅगझीनमध्ये चक्राच्या प्रत्येक खाचेत एकच काडतूस बसतं, म्हणून हा प्रश्न उद्भवतच नाही. मॅगझीन रायफलीच्या पोटात सपाट बसतं, कुठे अडकत नाही. घेतानाच रुगरची आणखी चार घ्या. पंचवीस गोळ्यांचं बीएक्स-२५ हौसेला ठीक, पण टेबलावर टेकून झाडताना ते खाली टेकतं, आणि कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सीत दहापेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझीनला मनाईच आहे. फिरतं मॅगझीन उगाच खोलू नका. आतल्या स्प्रिंगला ठरावीक ताण देऊनच ते पुन्हा बंद करावं लागतं. ताण कमी पडला तर शेवटच्या दोन-तीन गोळ्या वर चढत नाहीत.

आता तक्रारी. पहिली तक्रार सुरक्षेची आहे. शेवटची गोळी सुटल्यावर बोल्ट उघडा राहत नाही, पुढे जाऊन बंद होतो. चाप ओढल्यावर नुसता ‘टिक’ आवाज आला तर मॅगझीन संपलं असेल, किंवा चेंबरमध्ये न फुटलेलं काडतूस असेल. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. घरातल्या प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून एक सवय लावा: टिक झालं की नळी निशाण्याकडेच धरून तीस सेकंद थांबायचं, मॅगझीन काढायचं, बोल्ट मागे ओढायचा, चेंबर पाहायचं. दुसरी तक्रार बोल्ट अडकवण्याच्या पट्टीची. चापाच्या कड्यापुढची ही चिमुकली पट्टी जुन्या रायफलींमध्ये सोडवताना बोटांची कसरत होते. तिसरी तक्रार चापाची: तो जड आहे, सुटताना किंचित घासतो. रुगरचा बीएक्स चाप दोन पिना काढून घरी बसवता येतो आणि फरक लगेच कळतो. पण पहिल्या हजार गोळ्या मूळ चापावरच झाडा. जड चापावर हात स्थिर झाला, की तो कुठल्याही बंदुकीवर स्थिर राहतो.

खरी अडचण काडतुसाची आहे, आणि त्यात रुगरचा दोष नाही. .२२ च्या काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत फिरवून भरलेला असतो. कडेचा एखादा भाग कोरडा राहिला आणि पिन नेमकी तिथे आदळली, की बार फुसका. असं काडतूस थोडं फिरवून पुन्हा घातलं तर अनेकदा फुटतं. स्वस्त, सुट्या भरलेल्या खोक्यांत अशी फुसकी काडतुसं जास्त निघतात. म्हणून साठा दोन प्रकारचा ठेवा: सरावाला स्वस्त माल आणि बाजूला ठेवायला सीसीआय मिनी-मॅगसारखा चाळीस ग्रेन वजनाच्या गोळीचा, जलद, तांब्याचा पातळ मुलामा दिलेला. मंद वेगाची काडतुसं आवाजाला बरी, पण त्यांच्या धक्क्याने बोल्ट कधी कधी पुरता मागे जात नाही आणि रिकामी पुंगळी दारातच अडकते. साठवायचा माल घेण्याआधी तीन वेगळ्या जातींची दोनदोनशे काडतुसं झाडून पाहा. आपल्या रायफलीला जी सगळ्यात कमी अडखळत चालते, तीच भरा.

साठ्याच्या हिशेबात .२२ चं पारडं जड होतं, कारण काडतूसच हलकं आहे. पाचशे काडतुसं पावणेदोन किलोच्या आसपास भरतात, तर एआर-१५ ची तेवढीच सहा किलोंच्या घरात. दरातही कित्येक पटींचा फरक. दोन हजारांचा साठा ठेवून दर महिन्याला दोनशे झाडायची आणि तेवढीच नवी आणायची, हे मध्यमवर्गीय घराला झेपतं. साठा आधीच हवा, कारण टंचाई अचानक येते. २०१३ मध्ये .२२ ची काडतुसं अमेरिकेतल्या दुकानांतून महिनोन्महिने गायब होती. शिवाय ही काडतुसं घरी पुन्हा भरता येत नाहीत. रबरी कडेच्या पत्र्याच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह, घरातल्या थंड खोलीत ठेवा. गाडीच्या डिकीत किंवा उन्हाने तापणाऱ्या गॅरेजात नकोत.

पल्ल्याबद्दल भ्रमात राहू नका. पन्नास यार्डांवर नेम बांधला तर शंभरावर गोळी सुमारे सहा इंच खाली लागते. ससा, खार यांना पन्नास-साठ यार्डांपर्यंत ठीक. पण चुकलेली गोळी दीड मैलापर्यंत जाऊ शकते, आणि शिशाची गोळी पाण्यावरून, दगडावरून उसळते. मागे मातीचा उंच बांध असल्याशिवाय चापावर बोट नको. आवाज लहान वाटतो तरी कानांना संरक्षण हवंच, आणि झाडून झाल्यावर हात साबणाने धुवायचे. शिसं हाताला लागलेलं असतं.

साफसफाईत टेकडाउनची जास्तीची किंमत वसूल होते. साध्या १०/२२ च्या रिसीव्हरला मागून भोक नसल्याने साफ करायचा गज नळीच्या तोंडातून घालावा लागतो. तो रोज तोंडाशी घासत राहिला तर नेम हळूहळू बिघडतो. टेकडाउनची नळी सुटी होते, त्यामुळे गज चेंबरकडून घालता येतो. .२२ ची काजळी मेणचट असते. ती नळीपेक्षा चेंबरच्या तोंडाशी, बोल्टच्या चेहऱ्यावर आणि एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी ओढून काढणाऱ्या) आकड्याखाली जास्त साचते. दर पाचशे गोळ्यांनी जुन्या टूथब्रशने तेवढं घासा, बोल्टला तेलाचे दोन थेंब द्या, बाकी कोरडं ठेवा. तेलात न्हाऊ घातली की काजळीचा चिखल होतो आणि थंडीत बोल्ट सुस्तावतो. सुट्या भागांची छोटी डबी ठेवा: एक्स्ट्रॅक्टर आणि त्याची स्प्रिंग, फायरिंग पिन, रिकॉइल स्प्रिंगचा गज. पुंगळ्या अडकायला लागल्या की आधी साफ करा, मग मॅगझीन बदलून पाहा, आणि तरीही अडकत असतील तर एक्स्ट्रॅक्टर बदला. बहुतेक वेळा दोष याच क्रमात सापडतो.

हेन्री कंपनीची एआर-७ ही .२२ रायफल याहून हलकी, सारे भाग दस्त्याच्या पोटात बसतात आणि ती पाण्यावर तरंगतेही. होडीत ठेवायला छान. मात्र काडतुसांबाबत ती फार चोखंदळ आहे, आणि सरावाला सुखाची नाही. एआर-१५ हातात भक्कम आणि अचूक आहे, सुटे भागही मुबलक. पण बंद खोलीत तिचा बार कानांना भयंकर, काडतुसं महाग असल्याने सराव मागे पडतो, आणि इलिनॉय, वॉशिंग्टन, न्यू जर्सीसारख्या राज्यांत तिच्यावर बंदी किंवा कडक अटी आहेत. घराच्या संरक्षणासाठी .२२ कमजोर आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण वर्षाला वीस गोळ्या झाडणाऱ्याच्या हातातल्या एआरपेक्षा दोन हजार झाडलेल्याच्या हातातली १०/२२ आम्हाला जास्त भरवशाची वाटते.

अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी कायद्याचं एक कलम नीट समजून घ्यायला हवं. एच-१बी, एच-४, एफ-१ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्यांना संघीय कायद्याने बंदूक आणि काडतूस बाळगायला मनाई आहे. रेंजवर भाड्याने घेतलेली बंदूकही त्यात येते. वैध शिकार परवाना असेल तर अपवाद लागू होतो, पण त्याची कागदपत्रं आधी पक्की करा. ग्रीन कार्ड असल्यावर इतरांसारखाच फॉर्म ४४७३ (बंदूक खरेदीचा संघीय अर्ज) भरून, पार्श्वभूमीची तपासणी होऊन रायफल विकत घेता येते. राज्याची अट वेगळी: इलिनॉयमध्ये एफओआयडी कार्ड (बंदूकधारकाचं राज्याचं ओळखपत्र), न्यू जर्सीत खरेदीचं ओळखपत्र. नळीच्या टोकाला आटे असलेलं टेकडाउनचं मॉडेल न्यूयॉर्कमध्ये अडचणीत आणतं, तिथे साध्या टोकाचं घ्या.

घरात मुलं असतील तर टेकडाउनचा आणखी एक उपयोग आहे. नळी एका कुलूपबंद पेटीत, मागचा भाग दुसऱ्या, काडतुसं तिसऱ्या. किल्ल्या एकाच जुडग्यात ठेवू नका.