डम्पलिंग्जसाठी व्हाइट लिलीचा सेल्फ-रायझिंग मैदा

अटलांटात राहायचं आणि चिकन अँड डम्पलिंग्ज, म्हणजे कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेले मैद्याचे गोळे, घरी करायचं, तर शेजारीण आधी विचारते, "मैदा कुठला?" इथलं उत्तर ठरलेलं: व्हाइट लिली. 1883 पासूनचा, मूळ टेनेसीतल्या नॉक्सव्हिलचा ब्रँड. गहू मऊ जातीचा, प्रथिनं कमी, म्हणून पिठाला चिवटपणा येत नाही. चिमटीत धरलं तर अगदी टाल्कम पावडर!

माझं प्रमाण: दोन कप मैदा, पाव कप थंड बटर बोटांनी चुरून, पाऊण कप ताक. मळायचं अजिबात नाही; कालवलं की थांबायचं. आपल्या हाताला मळायची सवय, तिथेच जीव कासावीस होतो. अख्खी कोंबडी कांदा, गाजर, सेलरी घालून तासभर मंद शिजवायची, हाडं काढायची, उकळत्या रश्श्यात चमच्याने गोळे सोडायचे आणि झाकण पंधरा मिनिटं उघडायचं नाही. गोळे टम्म फुगतात, आतून जाळीदार होतात, आणि सुटलेल्या मैद्याने रस्सा आपोआप दाट होतो. चकोल्यांची मावसबहीणच म्हणा.

या सेल्फ-रायझिंग मैद्यात मीठ आणि बेकिंग पावडर आधीच मिसळलेली असते, त्यामुळे रश्श्यात मीठ बेतानंच. पोळ्या, पुऱ्यांना हा मैदा चालणार नाही. पिशवी लहानच घ्या, जुन्या मैद्याचं फुगणं कमी होतं. नवऱ्याला मिरपूड पुरत नाही, तो वरून ठेचा घेतो. मला तो प्रकार मान्य नाही, पण ताट चाटूनपुसून स्वच्छ असतं.