शाळेच्या टीव्हीला जुना संगणक जोडणारी डबी: व्हीजीए ते एचडीएमआय कन्व्हर्टर

संगणकाच्या पाठीमागे फक्त निळं व्हीजीए (चित्र बाहेर नेणारी जुनी जोडणी) आणि टीव्हीला फक्त एचडीएमआय (चित्र-आवाज एकत्र नेणारी नवी जोडणी), ही अडचण जिल्हा परिषदेच्या शाळांत सर्रास दिसते. संगणक कुठल्यातरी कंपनीने वापरून झाल्यावर दिलेला असतो, टीव्ही लोकवर्गणीतून आलेला. दोन्ही धडधाकट, पण जोडायचं कसं ते कुणालाच ठाऊक नसतं. मग संगणक कपाटाशेजारी धूळ खात पडतो आणि टीव्हीवर पेनड्राइव्हमधले तेच ते व्हिडिओ फिरत राहतात. मी मुळशी तालुक्यात शिकवते. आमच्या शाळेचा हा प्रश्न साडेतीनशे रुपयांच्या एका डबीने सोडवला, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहिते आहे. तिच्या उणिवाही सांगते, कारण त्या माहीत असतील तरच ती नीट चालते.

पुण्यात तपकीर गल्लीत घेतली. दुकानदाराने पहिलाच प्रश्न विचारला, "मॅडम, कुठून कुठे न्यायचंय?" हा प्रश्न फार मोलाचा आहे. एचडीएमआय ते व्हीजीए आणि व्हीजीए ते एचडीएमआय या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दिसायला सारख्या, पण एकीचं काम दुसरी करत नाही. उलट लावली तर चित्रच येत नाही. आपला संगणक व्हीजीए आणि टीव्ही एचडीएमआय असेल, तर डबीला एका बाजूला व्हीजीए हवं, दुसऱ्या बाजूला एचडीएमआयची खाच हवी आणि सोबत यूएसबीची वायर हवी. शिवाय आवाजासाठी साडेतीन मिलिमीटरचं छिद्र असलेलीच डबी घ्या. व्हीजीएमधून आवाज जातच नाही.

यूएसबी वायर कशाला, असं आमच्या मुख्याध्यापकांनी विचारलं होतं. व्हीजीए आयबीएमने 1987 मध्ये आणलं, काचेच्या नळीच्या मॉनिटरच्या जमान्यात. त्यात लाल, हिरवा, निळा हे रंग तीन वेगळ्या तारांतून कमीजास्त व्होल्टेजच्या रूपात जातात. एचडीएमआय 2002 चं, त्यात सगळं आकड्यांत. तेव्हा नुसती वायर जोडून भागत नाही; डबीतली चिप चित्र मोजून त्याचे आकडे करते आणि त्या चिपला वीज लागते. वीज न मागणाऱ्या स्वस्त डब्याही मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. यूएसबी संगणकाच्या मागच्या पोर्टमध्ये लावा. पुढचे पोर्ट जुन्या कॅबिनेटमध्ये सैल झालेले असतात, मुलांचा धक्का लागला की चित्र जातं.

आता खरी डोकेदुखी, म्हणजे जोडणीनंतरची. सुरुवातीला टीव्हीवर नुसतं "नो सिग्नल". टीव्हीच्या रिमोटवर सोर्स दाबून ज्या खाचेत वायर आहे तीच एचडीएमआय निवडली आहे ना, हे आधी बघावं. मग "हा मोड चालत नाही" अशा अर्थाची पाटी आली. संगणक आधी जुन्या मॉनिटरवर 75 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 75 वेळा चित्र ताजं करण्यावर, लावलेला होता. तोच मॉनिटर परत जोडून डिस्प्ले सेटिंगमध्ये 60 हर्ट्झ केलं आणि टीव्हीवर विंडोज उमटलं.

उमटलं, पण पिवळं. सगळा पांढरा भाग हळदीसारखा. अशा वेळी टीव्ही बिघडला असं समजून लोक मेकॅनिक बोलावतात. तीन रंगांतला निळा पोहोचला नाही की पांढऱ्याचा पिवळा होतो, म्हणून व्हीजीएची वायर काढून तिचं तोंड उजेडात धरलं. पाच-पाच पिनांच्या तीन ओळी असतात. रुंद बाजूच्या ओळीतली मधली पीन निळ्या रंगाची. ती आडवी झाली होती. बारीक चिमट्याने हळूच सरळ केली, वायर परत बसवून दोन्ही स्क्रू घट्ट पिळले, आणि पांढरा पांढरा झाला. स्क्रू जरूर पिळा, कारण लोंबकळणाऱ्या डबीच्या वजनाने जोड सुटतो.

त्यानंतर गणिताच्या तासाला मुलांनी दाखवलं की वर्तुळ आडवं ताणलंय. पडद्याचा आकार संगणकाने टीव्हीला विचारायचा असतो. ती माहिती जुन्या वायरीतून किंवा डबीतून पोहोचली नाही, तर विंडोज 1024 गुणिले 768 ठिपक्यांच्या रिझोल्युशनवर बसतं. ते चाराला तीनचं चित्र, टीव्ही सोळाला नऊचा. रिझोल्युशन 1280 गुणिले 720 केलं आणि वर्तुळ वर्तुळासारखं दिसू लागलं. खालची टास्कबार कापली जात होती, ती मात्र टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमधून आली. एलजीत त्याला जस्ट स्कॅन म्हणतात, सॅमसंगमध्ये स्क्रीन फिट, सोनीत फुल पिक्सेल.

आवाजाचं सोपं आहे. संगणकाच्या मागच्या हिरव्या छिद्रातून डबीपर्यंत वायर न्यायची. टीव्हीचेच स्पीकर वाजतात. विंडोजमध्ये आवाज स्पीकरवरच ठेवायचा, कारण संगणकाच्या दृष्टीने हा साधा व्हीजीए मॉनिटर आहे. लॅपटॉप थेट एचडीएमआयने जोडणाऱ्यांना मात्र तिथे टीव्ही निवडावा लागतो, आणि चित्र नसेल तर विंडोजच्या चिन्हाचं बटण आणि पी एकत्र दाबून डुप्लिकेट करावं लागतं.

चित्राचा दर्जा? व्हिडिओ उत्तम. अक्षरं किंचित मऊ येतात. मोठ्या वर्गात हे जाणवतं, कारण मराठीत टिंबावर अर्थ ठरतो. बारीक टायपात "चिंच" मागच्या बाकावरून "चिच" वाचली जाते. मी टाइप मोठा ठेवते आणि व्हीजीएची वायर आखूड, जेमतेम दीड मीटरची वापरते. लांबी वाढवायची ती एचडीएमआयची. आधी उलट केलं होतं एका शेजारच्या शाळेने, तर प्रत्येक अक्षरामागे फिकट सावली दिसत होती.

उणिवा अशा. डबी तासाभरात चांगलीच गरम होते, तिच्यावर काही ठेवू नये. सोबतची यूएसबी वायर फारच आखूड आहे. वीज जाऊन आली की आमच्याकडे आधी टीव्ही आणि मग संगणक सुरू करावा लागतो, नाहीतर रिझोल्युशन परत घसरतं. मुळशीच्या पावसाळ्यात हे वारंवार होतं, म्हणून क्रम लिहून भिंतीला चिकटवला आहे. आणि फोर-के टीव्हीवर फोर-के चित्राची अपेक्षा या डबीकडून करू नये, 1080 ओळींचं चित्र ही तिची हद्द.

नवा संगणक घेणार असाल तर हिची गरज नाही, त्यात बहुतेक वेळा एचडीएमआय असतंच. पण चालू स्थितीतला जुना संगणक शाळेत पडून असेल तर नवीन कशाचीही मागणी करण्याआधी ही डबी आणून बघा. तिसरीच्या वर्गासाठी मी आणखी एक घेणार आहे, आणि सोबत लांब यूएसबी वायरही.