कुत्र्याची खाज: प्रेडनिसोलोन की ओक्लासिटिनिब?

पंजे चाटून लाल करणारा, कान खाजवून रक्त काढणारा कुत्रा बघवत नाही. गोचीड, पिसवा, बुरशी नाही याची खात्री झाली आणि ॲलर्जीच ठरली, की डॉक्टर बहुधा या दोनपैकी एक गोळी लिहून देतात.

प्रेडनिसोलोन हे जुने स्टेरॉइड. स्वस्त, सहज मिळणारे, आणि सुजून बंद झालेल्या कानावर अजूनही जोरदार. पण कुत्रा सतत पाणी पितो, घरातच लघवी करतो, खायला मागत राहतो. महिनोन्‌महिने दिले तर स्नायू झडतात, त्वचा पातळ होते. शिवाय ते एकदम थांबवायचे नसते. डोस हळूहळू उतरवावा लागतो.

ओक्लासिटिनिबला अमेरिकेत २०१३ मध्ये मंजुरी मिळाली. खाजेचा निरोप मज्जातंतूंपर्यंत नेणाऱ्या आयएल-३१ या शरीरातल्या प्रथिनाचे काम ते अडवते. काही तासांतच फरक दिसतो, तहान-भूक सहसा वाढत नाही. जास्तीत जास्त १४ दिवस दोनदा, मग दिवसातून एकदाच. महाग आहे, लॅब्रॉडॉरसारख्या वजनदार कुत्र्याला तर फारच. वर्षाखालच्या पिल्लाला किंवा गंभीर संसर्ग असताना देत नाहीत.

चार दिवसांच्या भडक्याला स्टेरॉइड चालेल. वर्षानुवर्षांच्या ॲलर्जीला मात्र, परवडत असेल तर, मी ओक्लासिटिनिबच निवडेन. आणि कृपा करून, घरातली उरलेली स्टेरॉइडची पट्टी स्वतःच्या मनाने देऊ नका.