नाटकाच्या सबटायटलसाठी क्यूलॅब आणि अ‍ॅपलस्क्रिप्ट: काही महिन्यांच्या वापरानंतर

मराठी नाटकाचे प्रयोग महाराष्ट्राबाहेर लागले की इंग्रजी सबटायटल आलीच. दोन अंकी बोलक्या नाटकाच्या शेकडो ओळी होतात. क्यूलॅब म्हणजे प्रयोगातला आवाज, दृश्यं आणि पडद्यावरचा मजकूर चालवणारं सॉफ्टवेअर. प्रत्येक ओळीचा टेक्स्ट क्यू (बटण दाबल्यावर पडद्यावर येणारा मजकुराचा तुकडा) त्यात हाताने करायचा, त्याला नंबर द्यायचा, नाव द्यायचं. आणि तालमीत दिग्दर्शकाने एक प्रवेश हलवला की पुन्हा सगळी उस्तवार. गेले काही महिने हे काम मी अ‍ॅपलस्क्रिप्टवर, म्हणजे मॅकवरची कामं आपोआप करून घेणाऱ्या स्क्रिप्टच्या भाषेवर, सोपवलंय. आता हाताने करायची माझी तयारी नाही.

गूगल शीटमध्ये तीन रकाने असतात: क्यू नंबर, मराठी वाक्याचे पहिले शब्द, इंग्रजी मजकूर. शीट टीएसव्ही म्हणून, म्हणजे रकाने टॅबने वेगळे केलेली फाइल म्हणून, उतरवायची. संवादांत स्वल्पविराम भरपूर, त्यामुळे रकाने स्वल्पविरामाने वेगळे करणाऱ्या सीएसव्हीच्या फंदात पडू नये. स्क्रिप्ट एकेक ओळ वाचून टेक्स्ट क्यू तयार करते, इंग्रजी मजकूर आत घालते आणि मराठी शब्द क्यूचं नाव म्हणून लावते. यातली शेवटची गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. प्रेक्षकांना इंग्रजी दिसतं, पण ऑपरेटरसमोरच्या यादीत ‘अगं पण आईला कोण सांगणार’ असंच लिहिलेलं असतं. नटाने दोन वाक्यं गाळून पुढचं पकडलं तरी जागा चटकन सापडते.

फाइल यूटीएफ-८ (देवनागरीसकट सगळ्या लिप्या सांभाळणारी अक्षरांची सांकेतिक पद्धत) म्हणून वाचायची, हे स्क्रिप्टमध्ये स्पष्ट लिहावं लागतं. नाहीतर देवनागरीच्या जागी भलतीच चिन्हं उमटतात. भाषांतर बदललं तर सगळे क्यू पुसून नव्याने करू नयेत. तो नंबर आधीपासून असेल तर स्क्रिप्टने फक्त मजकूर बदलावा, म्हणजे पडद्यावरची जागा आणि फेड (मजकूर हळूहळू उमटणं-विरणं) शाबूत राहतात. मध्येच ओळ वाढली तर १२० आणि १२१ च्या मध्ये १२०.५ खुशाल टाकता येतो. शांततेच्या जागी रिकामा क्यू हवाच. पात्र गप्प उभं असताना मागचं वाक्य वर लटकत राहिलं की तो क्षण मेलाच.

वेळा ठरवून क्यू आपोआप पुढे सरकवणं मात्र मला अजिबात पटत नाही. हशा किती टिकेल हे रोज वेगळं असतं. पंच असलेलं वाक्य मी शीटमध्येच तोडून दोन क्यूंत घेते, कारण नटाच्या तोंडून येण्याआधी ते वाचून कोणी हसलं तर नटाची जागा जाते. पुढचा क्यू सोडणारं ‘गो’चं बटण संहिता मुखोद्गत असलेल्या माणसाच्याच हाती हवं, आणि टायपिंगचा वेळ वाचल्यामुळे त्या माणसाला तालमींना बसता येतं.

क्यूलॅब फक्त मॅकवर चालतं, हा खर्च लहान संस्थांनी आधी धरावा. क्यूलॅबच्या आवृत्ती ४ साठी लिहिलेली स्क्रिप्ट आवृत्ती ५ वर वापरायची असेल तर सुरुवातीचा अ‍ॅप्लिकेशन आयडी (स्क्रिप्ट कोणत्या अ‍ॅपसाठी आहे ते सांगणारं नाव) बदलून घ्या, आणि दौऱ्यावर निघण्यापूर्वी पूर्ण यादी एकदा प्रोजेक्टरवर चालवून बघा.