जर्मन, पितळ की स्टील? सत्तरीतल्या आईवडिलांच्या स्वयंपाकघरासाठी

वडील नावं विसरायला लागले की घरातलं कुणीतरी जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, पातेली माळ्यावर टाकायला सांगतं आणि त्यांच्या जागी महागडी पितळी भांडी येतात. कारण एकच: अॅल्युमिनियमने स्मृतिभ्रंश होतो, हे ऐकलेलं असतं. मेंदूपुरतं बघायचं तर या अदलाबदलीत फायदा होईलच असं नाही. कधी तोटाही होतो.

अॅल्युमिनियमची भीती मुळात निराधार नव्हती. १९६५ मध्ये सशांच्या मेंदूत अॅल्युमिनियमचे क्षार टोचल्यावर चेतातंतूंत गुंते दिसले. सत्तरच्या दशकात डायलिसिसवरच्या रुग्णांमध्ये एक वेगळाच स्मृतिभ्रंश आढळला आणि त्याचं मूळ अॅल्युमिनियममध्ये सापडलं. पण तिथे धातू पोटाला वळसा घालून थेट रक्तात जात होता. जेवणातून आलेल्या अॅल्युमिनियमपैकी एक टक्क्याहूनही कमी शरीरात शोषलं जातं आणि धडधाकट मूत्रपिंडं त्यातलं बरंचसं बाहेर टाकतात. फ्रान्समधल्या वृद्धांच्या एका दीर्घ अभ्यासात पिण्याच्या पाण्यातलं जास्त अॅल्युमिनियम आणि बुद्धीची घसरण यांचा संबंध दिसला होता, पण भांड्यांवर खापर फोडायला तेवढा पुरावा पुरत नाही. म्हणून मूत्रपिंडाचा विकार असेल तर जर्मन भांडी खुशाल काढा. नसेल तर चिंचेची आमटी, कढी, टोमॅटोचं सार एवढंच त्यात करू नका, कारण आंबटाने धातू जास्त सुटतो. कुकरची काळजी तर सोडाच, वरणभात बहुधा आतल्या स्टीलच्या डब्यांत शिजतो.

आता पितळ. बिनकल्हईच्या पितळेत ताक कळकतं हे आज्यांना ठाऊक होतं, म्हणून तर दारावर कल्हईवाला यायचा. कल्हई शुद्ध कथलाची असेल तर प्रश्नच नाही. पण कथील महाग आणि शिसं स्वस्त, त्यामुळे भेसळीला वाव राहतो, आणि चकाकीवरून ती ओळखता येत नाही. भंगार वितळवून केलेल्या स्वस्त अॅल्युमिनियमचीही हीच गत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये पितळ, अॅल्युमिनियम आणि हिंडालियम या अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या काही आयात भांड्यांतून अन्नात शिसं उतरू शकतं, असा इशारा दिला.

शिशाची मी इतकी धास्ती घेतो त्याला कारण आहे. ते रक्तातून महिन्या-दोन महिन्यांत ओसरतं, हाडांत मात्र दशकानुदशकं साठून राहतं. आपल्याकडे शिसंयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं. त्याआधी शहरातल्या रहदारीत आयुष्य काढलेल्यांच्या हाडांत तो साठा असणार. म्हातारपणी, विशेषतः पाळी गेल्यावर, हाडं विरळ होतात आणि साठलेलं शिसं पुन्हा रक्तात उतरतं. बॉस्टनच्या परिसरातल्या माजी सैनिकांच्या दीर्घ अभ्यासात ज्यांच्या हाडांत शिसं जास्त होतं त्यांची बुद्धीही लवकर घसरताना दिसली. त्यात नवी भर कशाला घालायची? सुटी भडक पिवळी हळद आणि विनालेबल भस्मंही या कारणासाठी टाळलेली बरी.

तांब्याच्या लोट्यात रात्रभर ठेवलेलं साधं पाणी चालेल, लिंबूपाणी नको. लोखंडी कढईत पालेभाजी उत्तम. मात्र उतारवयात हिमोग्लोबिन घटलं तर कढईवर विसंबू नका, पोटातून रक्त जात नाही ना हे डॉक्टरांकडून बघून घ्या. एकच संच घ्यायचा असेल तर मी चांगल्या प्रतीचं स्टील घेईन. त्याचं कौतुक करण्यासारखं काही नाही, हाच त्याचा गुण.

भांड्यांऐवजी झिंक-सेलेनियमच्या गोळ्यांवर पैसे घालवायचा विचार असेल, तर अमेरिकेत साडेसात हजार वयस्क पुरुषांवर झालेल्या चाचणीत सेलेनियमने स्मृतिभ्रंश टळला नाही. झिंकचा मोठा डोस दीर्घकाळ घेतला तर शरीरातलं तांबं घटतं आणि मज्जारज्जूला इजा होऊ शकते.

या सगळ्याआधी ज्यावर खर्च करावा ती आहे बी१२ची तपासणी. या जीवनसत्त्वाच्या गाभ्यात कोबाल्ट हा सूक्ष्म धातू असतो, आणि त्याच्या कमतरतेने आलेला विसराळूपणा वेळेत कळला तर सुधारू शकतो. पुण्यात ४४१ पुरुषांच्या पाहणीत सुमारे दोन तृतीयांश जणांत बी१२ कमी निघालं होतं. शाकाहारी माणसं, मेटफॉर्मिन घेणारे मधुमेही, वर्षानुवर्षं अॅसिडिटीच्या गोळ्या खाणारे यांना धोका जास्त. रक्त मात्र बी१२च्या गोळ्या किंवा इंजेक्शन सुरू करण्याआधी द्यायचं, नंतर दिलं तर आकडा फुगलेला येतो.