नारायण पेठेतील पत्रविक्रेता: खरेदी जरूर करावी, फ्रेम करून घेऊ नये

तत्त्वज्ञांच्या सहीची पत्रे जमवणारे पुण्यात मोजकेच आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांना बुधवारी व रविवारी जुन्या बाजारात रद्दीचे गठ्ठे उपसण्याची सवय आहे. नारायण पेठेतील ज्या दुकानाविषयी मी लिहीत आहे, तेथे मात्र जुनी पत्रे हाच मुख्य व्यवहार आहे. पुढे एक तक्रार येणार असल्याने दुकानाचे नाव देत नाही. ज्याला खरी गरज आहे त्याला ते दोन गल्ल्या फिरून सापडेल.

मी घेतलेले पत्र बर्ट्रांड रसेल यांचे, १९५७ सालचे. वेल्समधील प्लास पेन्रिन या त्यांच्या घराचा पत्ता वर छापलेला, खाली एका भाषणाचे निमंत्रण नाकारणाऱ्या टंकलिखित सात ओळी आणि शेवटी निळ्या शाईतली सही. किंमत चौतीस हजार रुपये पडली. मला खरे तर १९६० नंतरचे, अण्वस्त्रविरोधी चळवळीच्या काळातले पत्र हवे होते. ते अधिक महाग होते आणि दुकानातही होते. तरीही मालकांनीच सांगितले की अखेरच्या वर्षांत रसेल यांच्या सहीने गेलेल्या अनेक पत्रांचे मसुदे सचिवांनी केलेले असत, तेव्हा शब्दही त्यांचेच हवे असतील तर थोडे मागे जा. स्वतःचा महाग माल असा बाजूला सारणारा विक्रेता मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

नुसत्या ‘रसेल’ एवढ्याच सहीवर भुलू नये, हेही त्यांनीच बजावले. रसेल ऑफ लिव्हरपूल नावाचे दुसरे एक लॉर्ड त्याच काळात होते, आणि एकाची टपाल दुसऱ्याकडे जाण्याचा त्रास इतका वाढला की १९५९ मध्ये दोघांनी मिळून ‘द टाइम्स’ला पत्र पाठवून आपण एकमेकांपासून वेगळे असल्याचे जाहीर केले.

तपासणीसाठी त्यांनी भिंग माझ्याच हातात दिले. जिथे पेन क्षणभर थांबले होते तिथे शाई साचून गडद झाली होती आणि कागदाच्या मागे टंकाचे उठाव बोटाला जाणवत होते. मग अतिनील दिव्याखाली त्यांनी विक्रीला न ठेवलेले एक दुसरे पत्र धरले. त्यावर तारीख १९३४ ची होती, पण कागद निळसर पांढरा लखलखला. कागद असा चमकवणारी रसायने साधारण १९५० नंतर वापरात आली, म्हणजे ते पत्र बनावट. माझ्या पत्राच्या बाबतीत हा दिवा काहीच सिद्ध करू शकत नाही, असेही त्यांनी आपणहून सांगितले.

राधाकृष्णन यांची पत्रेही दुकानात आहेत, पण मी पाहिलेली सगळी शुभेच्छा आणि आभार यांची होती. त्यांत तत्त्वज्ञान शोधू नये. परदेशातील नातेवाइकांना भेट देण्याचा विचार असेल तर १९७२ चा पुरावशेष कायदा लक्षात ठेवावा, कारण पंचाहत्तर वर्षांहून जुने आणि ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मूल्य असलेले हस्तलिखित वा दस्तऐवज खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. माझे पत्र २०३२ मध्ये त्या वयाला पोहोचेल.

आता तक्रार. दुकानातच अठराशे रुपयांत फ्रेम करून मिळते, म्हणून मी मोहात पडलो. पहिल्याच पावसाळ्यात पत्राच्या वरच्या कडेला पिवळट पट्टा उमटला. मागची पाटी उघडली तेव्हा पत्र दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने पुठ्ठ्याला डकवलेले आणि पुढून काचेला टेकलेले आढळले. जपानी कागदाच्या दोन पट्ट्या गव्हाच्या खळीने लावून पत्र वरून टांगावे, पुठ्ठा आम्लरहित असावा, काच आणि कागद यांत अंतर असावे, हे इतक्या जाणत्या माणसाच्या दुकानात मी सांगावे लागू नये. फ्रेमचे काम बाहेरच्या कारागिराकडे जाते, असे उत्तर मिळाले. पावती मात्र दुकानाची होती.

कागद-संवर्धनाचे काम करणाऱ्या एका परिचितांनी टेप सोडवून दिली. डाग फिका झाला, गेला नाही. पत्र आता पॉलिएस्टरच्या पाकिटात, कपाटात आडवे ठेवले आहे. दुकानाने अठराशे रुपये विनातक्रार परत केले आणि सागवानी फ्रेम माझ्याकडेच राहू दिली.