पूर्वग्रहांवरचं एक दिवसाचं ट्रेनिंग: सकाळ पैसावसूल, दुपार ठीकठाक

आमच्या भोसरीच्या कंपनीत एचआरने हे ट्रेनिंग ठेवलं होतं. संस्था बाणेरची, शिकवायला मानसशास्त्राच्या एक मॅडम. मी क्वालिटीत आहे. असल्या कार्यक्रमांना आम्ही जेवणाची वाट बघत बसतो. पण सकाळचं सत्र खरंच दमदार निघालं.

पावलॉव्हची कुत्री, म्हणजे खाण्याआधीचा ठरलेला आवाज ऐकूनच लाळ गाळायला शिकलेली, त्यांनी दोन वाक्यांत उरकली, बरं केलं. वेळ दिला तो आर्थर आणि कॅरोलिन स्टाट्स यांच्या १९५८ च्या प्रयोगाला. विद्यार्थ्यांना पडद्यावर डच, स्वीडिश अशी नावं दाखवायची आणि त्याच वेळी कानावर बरेवाईट शब्द घालायचे. ज्या नावासोबत वाईट शब्द आले, ते नाव मुलांना नावडतं झालं. त्यासाठी कुणा डच माणसाने काही वाकडं करायचीही गरज पडली नाही! आमची सकाळची मीटिंग याहून वेगळी नाही. "रिजेक्शन किती? कुठली शिफ्ट? कंत्राटी पोरं होती का?" रोज हेच, ह्याच क्रमाने. मग करड्या युनिफॉर्ममधला कंत्राटी मुलगा पार्ट घेऊन आला की आमचा माणूस गेज (माप तपासायचं साधन) लावायच्या आधीच तोंड वाकडं करतो.

दुपारी बांडुरा, म्हणजे माणूस दुसऱ्याचं बघून शिकतो हे दाखवणारे मानसशास्त्रज्ञ. बाहुलीला बडवणाऱ्या मोठ्यांचं बघून मुलंही बडवतात, हा १९६१ चा प्रयोग बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो. १९६५ चा जास्त भारी आहे. मारणाऱ्याला शिक्षा झालेली ज्यांनी पाहिली, त्या मुलांनी नक्कल कमी केली. पण "करून दाखव, बक्षीस देतो" म्हटल्यावर त्यांनाही सगळं येत होतं. मॅडम इथून भरकन पुढे गेल्या, आणि माझ्या मते खरा माल इथेच होता. मेमो निघाला की शॉपवरचे टोमणे थांबतात, पण गेटबाहेरच्या टपरीवर तेच सुरू. आयटीआयची अप्रेंटिस पोरं आल्या आल्या "ए भैया" म्हणायला कुणाकडून शिकतात, हे सगळ्यांना माहीत आहे.

स्किनर, म्हणजे ज्या वागण्याला बक्षीस मिळतं ते वाढतं असं सांगणारे मानसशास्त्रज्ञ, शिकवताना तर गंमतच झाली. ज्या जोकवर साहेब हसतात तो जोक पुन्हा होणार, हे आम्हाला सांगितलं जात होतं आणि साहेब दीपप्रज्वलन करून केव्हाच निघून गेले होते! मानसशास्त्रज्ञ ऑलपोर्टने १९५४ मध्येच लिहून ठेवलंय की पूर्वग्रह कमी करायला दोन गटांना नुसतं एकत्र आणून भागत नाही. दर्जा समान हवा, काम मिळून करायचं हवं, वरून पाठबळ हवं. त्याला दिवसाच्या शेवटी जेमतेम एक स्लाइड. कंत्राटी कामगारांची कँटीनची वेळ आमच्याकडे वेगळी का, असं मी विचारलं, तर "तो पॉलिसीचा विषय आहे" म्हणे. हॉलमध्ये कंत्राटी माणूस एकही नव्हता.

एसी फार गार होता, पुलाव चांगला होता. सकाळला पाचपैकी चार, दुपारला अडीच. तुमच्याकडे ठेवणार असाल तर प्लांट हेड पूर्ण दिवस बसणार आणि कंत्राटदाराचे सुपरवायझरही येणार, एवढं आधी कबूल करून घ्या. नाहीतर फक्त अर्ध्या दिवसाचं बुकिंग करा.